तुरुंगाच्या जमाखर्चांतील राहून गेलेली बाब

१

जुन्या दफ्तरांचें वाचन करणारास हिशेबी कागदांचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पेशवेकालीन रोजकीर्दींत किल्ल्यांवर अटकेंत ठेविलेल्या इसमांच्या शिध्याच्या व त्यांच्या बंदोबस्ताच्या नोंदी आढळतात. धान्य किती दिलें हें त्यांवरून कळतें. परंतु तो इसम पुढें सुटला तेव्हां कोठें गेला व घरीं परतल्यावर त्याच्या हातास काय काम लागलें, हें बहुधा कळत नाहीं. हा दोष एकट्या आपल्या कारकुनांचा नव्हे. तुरुंगाचा हिशेब तुरुंगाच्या दरवाजापाशीं संपावयाचा, ही रीत इतर देशांतही होती.

अलीकडे तुरुंग व कैद्यांच्या पुनर्वसनाचे उपक्रम यांची परीक्षा खर्च व लाभ यांच्या तोलानें करावी, असा विचार अमेरिकेंत व इंग्लंडांत बराच पुढें आला आहे. एखाद्या उपक्रमास किती पैसा लागला, त्यामुळें किती माणसें पुन्हा गुन्ह्याकडे वळलीं नाहींत, आणि त्यांतून सरकारचें व समाजाचें किती नुकसान टळलें, हें आंकड्यांत मांडून कोणता उपक्रम चालवावा व कोणता सोडावा तें ठरवावयाचें, अशी ही पद्धति आहे. ती अगदीं नवी आहे असा सामान्य समज आहे. आमच्या मतें तिचें मूळ अडीचशें वर्षांमागें जातें. प्रस्तुत लेखांत तिचा मागोवा घेऊन आम्ही एवढेंच दाखविणार आहों कीं, या हिशेबाचा निकाल आंकड्यांच्या बेरजेपेक्षां त्यांत कोणत्या बाबी धरल्या व कोणत्या वगळल्या यावरच ठरत आला आहे. आणि वारंवार वगळली गेलेली बाब म्हणजे दरवाजाबाहेर पडणारा, किंवा बाहेर पडूं न शकणारा, माणूस ही होय.

२

१७७३ सालीं जॉन हॉवर्ड हा गृहस्थ इंग्लंडांतील बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. हें पद मानाचें. प्रत्यक्ष काम दुय्यमांवर सोंपविण्याची वहिवाट होती. हॉवर्ड मात्र स्वतः तुरुंगांत जाऊन पाहूं लागला. ज्यांस पंचांनीं निर्दोष ठरविलें, ज्यांच्यावर खटला चालविण्याइतका पुरावा नाहीं असा निर्णय झाला, आणि ज्यांचे फिर्यादीच हजर झाले नाहींत, असे लोक महिनोन् महिने कोंडले गेल्यानंतर न्यायालयांतून पुन्हा तुरुंगांतच परत नेले जातात, असें त्याच्या दृष्टीस पडलें. याचें कारण साधें होतें. तुरुंगाधिकाऱ्यास पगार नव्हता. कैद्यांकडून मिळणारी फी हेंच त्याचें उत्पन्न. ती फी भरल्यावांचून सुटका नाहीं, मग न्यायालय कांहीं म्हणो.

परगण्याच्या वहीच्या दृष्टीनें ही व्यवस्था फार स्वस्त होती. तुरुंगाधिकाऱ्याचा पगार नाहीं, म्हणजे खर्चाची बाबच नाहीं. वस्तुतः खर्च होतच होता. फक्त तो सर्वांत दरिद्री माणसाच्या नांवें पडत होता, आणि तो माणूस तो आपल्या आयुष्याच्या दिवसांनीं फेडीत होता.

फी बंद करून पगार द्यावा, अशी विनंति हॉवर्डनें परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांस केली. तक्रार त्यांस पटली. परंतु परगण्याच्या तिजोरीवर हा बोजा टाकण्यास पूर्वीचा दाखला काय, असा त्यांनीं प्रश्न केला. दाखला शोधण्यासाठीं हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेला. दाखला मिळाला नाहीं. तोच अन्याय मात्र सर्वत्र मिळाला. पुढें १७७४ सालीं कॉमन्स सभेपुढें त्याची साक्ष झाली आणि त्याच वर्षीं पार्लमेंटनें दोन कायदे केले. एकानें निर्दोष सुटलेल्यांस फीवांचून सोडावें व तो खर्च परगण्यानें सोसावा असें ठरविलें. दुसऱ्यानें कैद्यांच्या आरोग्याची तजवीज केली.

१७७७ सालीं हॉवर्डचा इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत भावनेचा पूर नाहीं. तुरुंगागणिक किती कैदी, फीचा दर काय, पाव किती मिळतो, पाणी आहे कीं नाहीं, अशा कोरड्या नोंदी आहेत. त्या काळीं तुरुंगांत एक प्रकारचा ज्वर पसरे. १७७३ व १७७४ या दोन सालांत सबंध राज्यांत फांशीं गेलेल्यांपेक्षां या तुरुंगज्वरानें मेलेल्यांची संख्या पुष्कळ अधिक होती, असें आपल्या पाहणीवरून त्यानें लिहिलें. न्यायाधीशानें जी शिक्षा दिली नव्हती ती व्यवस्थेनें दिली होती, आणि कोणत्याही वहींत तिची नोंद नव्हती. हॉवर्डनें ती नोंद केली, हेंच त्याचें खरें कार्य. १७९० सालीं खेरसन येथें ज्वरानेंच त्याचा अंत झाला.

३

हॉवर्डनें राहून गेलेला खर्च वहींत आणला. जेरेमी बेंथम यानें त्यापुढें जाऊन तुरुंगाचा सारा कारभारच हिशेबावर उभारण्याचा घाट घातला. त्याच्या 'पॅनॉप्टिकॉन' योजनेचीं पत्रें १७८७ सालीं तो रशियांत असतां लिहिलेलीं असून १७९१ मध्यें तीं ग्रंथरूपानें बाहेर आलीं. मध्यभागीं निरीक्षकाची जागा व सभोंवार वर्तुळाकार कोठड्या, ही त्यांतील इमारतीची कल्पना प्रसिद्धच आहे. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो त्या योजनेंतील मक्त्याच्या अटींचा.

तुरुंग मक्त्यानें द्यावा आणि कैद्यांच्या श्रमाचें उत्पन्न मक्तेदारानें घ्यावें, असें बेंथमचें म्हणणें होतें. मग मक्तेदार कैद्यांस अर्धपोटीं ठेवून नफा कां काढणार नाहीं? यावर त्यानें विम्याच्या धर्तीचा उपाय सुचविला. सामान्यतः वर्षांत किती कैदी मरावे याचा अंदाज करून तितक्यांची रक्कम मक्तेदारास आगाऊ द्यावी. आणि वर्षअखेर प्रत्यक्ष जितके मरतील तितक्यांची त्याजकडून परत घ्यावी. मृत्यु कमी झाले तर त्याचा लाभ, अधिक झाले तर त्याचा तोटा. कैद्याचा जीव अशा रीतीनें प्रथमच जमाखर्चाची एक बाब झाला.

याहून महत्त्वाची दुसरी अट सरकारास सादर केलेल्या प्रस्तावांत होती. सुटलेला कैदी पुढें पुन्हा मोठ्या गुन्ह्यांत दोषी ठरला, तर मक्तेदारानें दंड भरावा. कैदी त्याच्या ताब्यांत एक वर्ष राहिला असेल तर १० पौंडांपर्यंत, दोन वर्षें असेल तर १५, तीन वर्षें २०, चार वर्षें २५, आणि पांच किंवा अधिक वर्षें असेल तर ३० पौंडांपर्यंत. ही रक्कम नव्या गुन्ह्यानें ज्याचें नुकसान झालें त्याच्या भरपाईकडे लावावयाची होती. या चढत्या दरांतील तर्क पाहण्यासारखा आहे. माणूस जितका अधिक काळ तुमच्या हातांत होता तितकी त्याच्या पुढील वर्तनाची जबाबदारी तुमच्यावर अधिक, असा तो तर्क होय. तुरुंगाचा हिशेब दरवाजाबाहेर नेण्याचा इतका स्पष्ट प्रयत्न त्यापूर्वीं झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

योजनेचें पुढें कांहीं झालें नाहीं. १७९४ सालीं कायदा झाला, परंतु जागेच्या घोळांत वर्षें गेलीं. १८११ सालीं पार्लमेंटच्या समितीनें ती नापसंत केली. कैद्यांच्या श्रमावर ज्याचा नफा अवलंबून आहे अशाच्या हातीं त्यांस सोंपवूं नये, हा आक्षेप तिच्या विचारांत प्रमुख होता. १८१३ मध्यें बेंथमला २३,००० पौंड भरपाई मिळाली, आणि १८१६ सालीं लंडनांत मिलबँक येथें सरकारी व्यवस्थेचा तुरुंग उघडला. समितीचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. परंतु मक्त्याबरोबर ती चढत्या दंडाची अटही दफ्तरांत पडून राहिली, ही हानि लहान नव्हे.

४

याच काळांतील विचारांचे पडसाद हिंदुस्थानांतही उमटले. मेकॉले याच्या सूचनेवरून १८३६ सालीं तुरुंगशिस्तीची चौकशी करण्यास समिति नेमली गेली व १८३८ मध्यें तिचा अहवाल आला. त्या वेळीं कैद्यांच्या टोळ्या तुरुंगाबाहेर रस्त्यांच्या कामावर लावीत. समितीनें ती पद्धति त्याज्य ठरविली. मध्यवर्ती तुरुंग बांधून आंतच कंटाळवाणें, एकसुरी काम द्यावें असें सुचविलें. श्रमापासून उत्पन्न व्हावें हा हेतु तिनें गौण मानला. लाभाच्या रकान्यांत तिनें मुख्यतः एकच बाब धरली, ती म्हणजे दहशत.

याच्या उलट बाजूस डॉ. फ्रेडरिक मौअट हा उभा राहिला. तो १८५५ पासून १८७० पर्यंत बंगाल प्रांतांतील तुरुंगांचा मुख्य निरीक्षक होता. निष्फळ कष्टांपेक्षां कैद्यांस उपयोगी धंदा शिकवावा, त्यांच्या श्रमांतून त्यांचा खर्च निघावा, आणि तोच धंदा पुढें त्यांस उपजीविकेस यावा, असें त्याचें मत होतें. अलीपूर तुरुंगांतील तागाच्या गोणपाटाचा कारखाना व छापखाना हीं त्या मताचीं उदाहरणें. हा गृहस्थ पुढें लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचा अध्यक्ष झाला, यांत नवल नाहीं. तथापि वार्षिक अहवालांतून आंकड्यांत मांडतां येई तें कारखान्याचें उत्पन्न. धंदा शिकून बाहेर पडलेला माणूस गांवीं जाऊन तो धंदा करतो कीं नाहीं, हें मांडण्यास रकाना नव्हता. ज्याला रकाना असतो तें वाढतें व ज्याला नसतो तें विसरलें जातें, हा दफ्तरांचा सर्वसाधारण नियम येथेंही लागू पडला.

पुढें १९१९-२० सालीं सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या तुरुंग समितीनें कैद्याची सुधारणा हें कारागृहाचें प्रमुख ध्येय असल्याचें निःसंदिग्धपणें सांगितलें, आणि सुटलेल्या कैद्यांस साहाय्य करणाऱ्या संस्थांची आवश्यकता प्रतिपादिली. दरवाजाबाहेरचा माणूस सरकारी अहवालांत अशा रीतीनें आला. खर्चाच्या अंदाजपत्रकांत येण्यास मात्र त्यास वेळ लागावयाचा होता.

५

या ठिकाणीं महाराष्ट्रांतील एका प्रयोगाचा उल्लेख करणें अवश्य आहे. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं प्रजेस स्वराज्याची राज्यघटना दिली, हें सर्वविदित आहे. त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. तिची कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची. उंच भिंती नाहींत. कैद्यांनीं शेती करावी, आणि कुटुंबासह राहावें, असें तिचें स्वरूप. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तरी वसाहत राहिली. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे त्याच मुलुखांतले.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें स्वतंत्रपूरचें महत्त्व निराळेंच आहे. कैद्याची बायकोमुलें हा तुरुंगाच्या जमाखर्चांत कधींच न येणारा भाग. कर्ता पुरुष आंत गेला म्हणजे शेत पडीक पडतें, सावकाराचें देणें वाढतें, मुलांची शाळा सुटते. हा सारा शिक्षेचाच खर्च, पण तो सरकार देत नाहीं म्हणून कोणी मोजीत नाहीं. स्वतंत्रपुरानें तो मोजला नाहीं, तर होऊंच दिला नाहीं. भिंतीचा व पहाऱ्याचा खर्च वांचला तो वेगळाच. बेंथमनें कैद्याच्या पुढील वर्तनाची जोखीम मक्तेदारावर टाकली होती. येथें ती विश्वासानें कैद्याच्याच अंगावर टाकली गेली.

६

आतां अलीकडील काळाकडे वळूं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळानें १९८३ सालीं सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापिली. २०२० पर्यंत दोन नवे तुरुंग लागतील व २०३० पर्यंत कदाचित् तिसराही, असा त्या राज्याचा अंदाज होता. एका तुरुंगास बांधणीचे सुमारें २५ कोटि डॉलर व पुढें दरवर्षीं सुमारें साडेचार कोटि, असें गणित. २००६ सालीं या संस्थेनें अनेक उपक्रमांच्या पूर्वीं झालेल्या परीक्षा एकत्र करून प्रत्येकाचा खर्च व टळलेलें नुकसान यांचा तोल मांडला. त्यानंतर २००७ सालीं विधिमंडळानें एका तुरुंगाचा विचार सोडून शिक्षण, उपचार इत्यादि उपक्रमांस ४.८ कोटि डॉलर दिले.

अशा हिशेबांतील एक सूक्ष्म गोष्ट येथें सांगितली पाहिजे. एका कैद्यामागें वर्षास पडणारा सरासरी खर्च काढून त्यास कमी झालेल्या कैद्यांच्या संख्येनें गुणलें म्हणजे बचत निघाली, असें नव्हे. दहा कैदी कमी झाले तर दहांच्या अन्नवस्त्राचा व औषधाचा खर्च वांचतो. पहारेकरी, दिवे व इमारत तशींच राहतात. एक सबंध विभाग बंद करण्याइतकी संख्या घटेल तेव्हांच मोठी रक्कम हातीं लागते. आणखी असें कीं, अमेरिकेंत स्थानिक तुरुंग हे परगण्याचे वा शहराचे आणि दीर्घ शिक्षेचे तुरुंग राज्याचे. परगण्यानें पदर मोडून एखाद्यास सुधारलें तर पुढील बचत राज्याच्या वहींत पडते. हॉवर्डच्या वेळचीच ही अडचण: खर्च एकाच्या नांवें व लाभ दुसऱ्याच्या.

या अडचणीवर जो उपाय निघाला तो पाहून बेंथमची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. २०१० सालीं इंग्लंडांत पीटरबरो येथील तुरुंगांतून सुटणाऱ्या, बारा महिन्यांहून कमी शिक्षेच्या पुरुष कैद्यांसाठीं एक उपक्रम सुरू झाला. त्यास १७ गुंतवणूकदारांनीं ५० लक्ष पौंड पुरविले. पुन्हा गुन्ह्यांत दोषी ठरण्याचें प्रमाण तुलनेच्या गटापेक्षां ठराविक मर्यादेनें घटलें तरच सरकारनें पैसे परत द्यावे, नाहीं तर नाहीं. २०१४ सालीं पहिल्या गटांत ८.४ टक्के घट आढळली. त्या गटासाठीं ठरलेली १० टक्क्यांची मर्यादा ती गांठूं शकली नाहीं. परंतु २०१७ सालीं एकंदर घट ९ टक्के निघाली आणि साडेसात टक्क्यांची एकत्रित मर्यादा ओलांडल्यामुळें गुंतवणूकदारांस पैसे मिळाले.

न्यूयॉर्क शहराच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांत २०१२ सालीं याच धर्तीचा प्रयोग झाला. गोल्डमन सॅक्स या पेढीनें १६ ते १८ वर्षांच्या मुलांस विचार व वर्तन यांचें शिक्षण देण्यासाठीं ९६ लक्ष डॉलर कर्जाऊ देण्याचें ठरविलें. त्यांपैकीं ७२ लक्षांची हमी शहराच्या तत्कालीन महापौरांच्या धर्मादाय संस्थेनें घेतली. पुन्हा तुरुंगांत येण्याचें प्रमाण १० टक्क्यांनीं घटावें ही अट. २०१५ सालीं व्हेरा या संस्थेनें परीक्षा करून कांहींच परिणाम झाला नसल्याचें सांगितलें, आणि उपक्रम बंद झाला. अटीप्रमाणें शहरास कांहीं द्यावें लागलें नाहीं.

७

रायकर्सच्या निकालाचें दोन प्रकारें मूल्यमापन करतां येईल. एका दृष्टीनें तो हिशेबी पद्धतीचा विजय होय. काय मोजावयाचें तें आधीं लिहून ठेविलें होतें, परीक्षक तिऱ्हाईत होता, आणि अपयश अपयश म्हणून सांगितलें गेलें. वर्षानुवर्षें निष्फळ चालणाऱ्या आणि तरीही अहवालांत यशस्वी ठरणाऱ्या संस्थांच्या मानानें ही प्रामाणिकता दुर्मिळ आहे. तिचा आम्ही आदरच करतों.

परंतु दुसरी बाजूही आहे. त्या बेटावरील बहुसंख्य बंदी शिक्षा झालेले नव्हते. खटल्याची वाट पाहणारे होते, आणि त्यांतील पुष्कळ केवळ जामिनाची रक्कम नसल्यामुळें आंत होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांस प्रौढांप्रमाणें वागविण्याची रीत न्यूयॉर्क राज्यानें २०१७ सालच्या कायद्यानें बदलली, व २०१८ मध्यें अशा मुलांस त्या बेटावरून हलविण्यांत आलें. म्हणजे आंत आलेल्या मुलास कोणतें शिक्षण दिलें असतां तो परत येणार नाहीं, याचा सूक्ष्म हिशेब चालला असतां, तो मुळांत आंत कां, हा प्रश्न त्या हिशेबाच्या कक्षेबाहेर होता. फी नाहीं म्हणून अडकलेला बेडफर्डचा निर्दोष मनुष्य आणि जामीन नाहीं म्हणून अडकलेला रायकर्सचा मुलगा, या दोघांत अडीचशें वर्षांचें अंतर आहे. दोघांचा खर्च मात्र एकाच रीतीनें वहीबाहेर पडलेला आहे.

हा प्रश्न आपल्यासही परका नाहीं. बिहारांतील कच्च्या कैद्यांविषयींच्या हुसैनारा खातून खटल्यांत १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असे लोक आले कीं, त्यांच्यावरील आरोप सिद्ध होऊन पुरी शिक्षा झाली असती तरी ती केव्हांच भोगून संपली असती. २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील कैद्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कच्चे कैदीच होते. दंड वा जामीन भरूं न शकणाऱ्या गरीब कैद्यांस साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारनें २०२३ सालीं जाहीर केली. बेडफर्डच्या न्यायाधिकाऱ्यांनीं हॉवर्डजवळ जो दाखला मागितला होता, त्याचा हा आपल्याकडील एक नमुना समजावा.

सारांश, खर्च व लाभ यांचा तोल हें साधन टाकाऊ नाहीं. दयेचें आवाहन जेथें पोंचलें नाहीं तेथें हॉवर्डच्या कोरड्या नोंदी पोंचल्या, हें इतिहासास ठाऊक आहे. परंतु साधनाची योग्यता त्याच्या रकान्यांवरून ठरते. सुटलेल्या माणसाचें पुढें काय झालें, त्याच्या कुटुंबानें काय सोसलें, आणि जो आंत असूंच नये त्याचे किती दिवस गेले, हे तीन रकाने ज्या वहींत नाहींत, तिची बेरीज कितीही अचूक असली तरी ती वही अपुरी होय. आपल्या प्रांतांतील जुन्या जिल्हा तुरुंगांचीं दफ्तरें या दृष्टीनें तपासण्यासारखीं आहेत. सुटकेच्या नोंदी व गांवच्या जमीनमहसुलाचे कागद ताडून पाहिले असतां सुटलेल्या एखाद्या माणसाचा माग लागणें अशक्य नाहीं. अभ्यासकांनीं या कामीं लक्ष घालावें एवढी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करतों.